ग्रीस संपलंय म्हणजे नेमकं काय संपलंय?

फोंड्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आई ६४ वर्षांची. देवळाच्या पायऱ्या उतरताना दोन्ही गुडघे दुखतात, आदोळीवर (विळीवर) बसली तर उठताना हात द्यावा लागतो, आणि गुडघ्यातून करकर ऐकू येते. एका ठिकाणी दाखवलं तिथं एक्स-रे बघून सांगितलं, ‘ग्रीस संपलंय, जेलचं इंजेक्शन घ्या.’ खर्च बराच आहे. मामा आयुष्यभर खनिजाच्या बार्जवर फिटर होते. त्यांचं म्हणणं, ग्रीस संपलं तर ग्रीस भरायचं, त्यात विचारायचं काय? मुलाला वाटतं, काम इतकं सोपं असतं तर लोक सांधे बदलून कशाला घेतील?

मुलाची शंका रास्त आहे. आणि मामांचंही चुकलं म्हणवत नाही, कारण त्यांच्या हातात शब्दच चुकीचा दिला गेला. हाडांचा डॉक्टर म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. ‘ग्रीस’ हा शब्द मीही असंख्य वेळा वापरलाय. बाहेर बाकावर चाळीस माणसं बसलेली असतात, आतल्या माणसाला एका वाक्यात उत्तर हवं असतं, आणि तो शब्द पटकन तोंडात येतो. पुढचा सगळा गोंधळ त्या शब्दातून होतो.

आधी एक्स-रेचं बघू. एक्स-रेमध्ये वंगण दिसत नाही. दोन हाडांमधली जी काळी फट दिसते, जिला आपण ‘गॅप’ म्हणतो, ती कूर्चेची जागा. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं पांढरं, गुळगुळीत, दोन-चार मिलिमीटर जाडीचं आवरण. एक्स-रेला ती दिसत नाही म्हणून फट वाटते. फट कमी झाली याचा अर्थ आवरण पातळ झालं. तेल आटलं असं त्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट ऐकून मामांना धक्का बसेल. निरोगी गुडघ्यात मोकळा द्रव असतो जेमतेम १ ते ४ मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही. आणि दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तो बहुतेक वेळा वाढलेला असतो. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ म्हणतात ते हेच. कधी कधी मी सुईनं तीस-चाळीस मिलिलिटर काढतो. तेव्हा ज्याला सांगितलंय की तुझं ग्रीस संपलंय, त्याच्याच गुडघ्यात निरोगी माणसाच्या दहापट द्रव असू शकतो. तो पातळ झालेला असतो, त्यातली कामाची द्रव्यं तुटलेली किंवा विरळ झालेली असतात, पण ‘संपला’ नसतो.

मग सांधा घसरतो कशावर?

मामा बार्जवर होते म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. गिअरबॉक्स विसरा. बोटीच्या पंख्याचा शाफ्ट आठवा. अनेक बोटींत त्याला रबरी अस्तराचं, खाचा पाडलेलं बेअरिंग असतं, आणि त्याचं वंगण म्हणजे नदीचं पाणी. रबर ओलं, शाफ्ट फिरता, मधे पाण्याचा पातळ थर. आपला सांधा या जातीचा आहे. त्याचंही वंगण मुळात पाणीच. कूर्चेत वजनानं सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. फरक एवढाच, की शाफ्ट वेगानं फिरतो म्हणून पाणी आपोआप मधे ओढलं जातं. गुडघा मात्र हळू चालतो, थांबतो, उलटा फिरतो, तासभर एकाच जागी भार घेऊन उभा राहतो. अशा वेळी मधलं पाणी दाबून बाहेर निघून जायला हवं. आणि दाब थोडाथोडका नसतो. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त भार येतो, पायऱ्या उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. अमेरिकेत एका रुग्णाच्या खुब्यात दाब मोजणारा कृत्रिम गोळा बसवला होता. त्याची मोजणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. खुर्चीवरून उठताना एका ठिकाणी १८ मेगापास्कलपर्यंत दाब आढळला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १८० किलो. मोटारीच्या टायरमध्ये आपण दोन किलो हवा भरतो.

इतक्या दाबाखाली पाणी जागेवर राहावं यासाठी ते कुणीतरी धरून ठेवायला हवं. आणि त्या धरणाऱ्यानं स्वतःही कुठेतरी मूळ धरलेलं हवं.

इथं आपल्याकडची एक गोष्ट आठवा. जुलैमध्ये घराच्या मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं. त्यावरून एकदाही न पडलेला गोंयकार मला अजून भेटायचाय. (माझ्याकडे येणाऱ्या पावसाळी मनगटांपैकी बरीच त्या पायऱ्यांची देणगी.) त्याच पायरीवर खोबरेल सांडलं तरी माणूस घसरेल, पण पावसाच्या चार मोठ्या सरी आल्या की तेल वाहून जाईल. शेवाळ जात नाही. पाऊस त्याला धुऊन काढत नाही, उलट जास्तच बुळबुळीत करतो. कारण ते दगडाला चिकटलेलं आहे, आणि त्याच्या अंगातली साखरेच्या साखळ्यांची बुळबुळ पाणी धरून ठेवते. मे महिन्यात तेच शेवाळ काळं, खरखरीत होऊन पडलेलं असतं. त्यावरून खुशाल चालावं.

कूर्चेच्या पृष्ठभागावर असंच काहीसं असतं, अर्थात हजारो पटींनी बारीक आणि फार जास्त सुबक. त्यात तीन मुख्य मंडळी आहेत.

पहिलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं. साखरेच्या दोन घटकांची जोडी, तीच हजारो वेळा ओळीनं गुंफलेली. निरोगी सांध्यातला एक रेणू सरळ ताणला तर पंधरा-एक मायक्रॉन भरेल. केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा म्हणा. एका रेणूसाठी ही लांबी अचाट आहे. त्याच्या अंगभर ऋण भार असतो, त्यामुळे पाणी भोवती गोळा होतं.

दुसरं ल्युब्रिसिन. हे प्रथिन आहे, पण त्याच्या मधल्या भागावर साखरेचे आखूड केस दाटीवाटीनं उगवलेले असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. दोन्ही टोकं मात्र चिकट. टोकांनी ते कूर्चेला धरतं आणि मधला केसाळ भाग वर उभा राहतो. समोरच्या कूर्चेवरही असाच ब्रश. दोन्हीकडे ऋण भार असल्यामुळे ब्रश एकमेकांत घुसायला नाखूश असतात. बाजारात ताजा मासा उचलताना हातातून निसटतो तो त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत म्युसिन या द्रव्यामुळे. ल्युब्रिसिन त्याच घराण्यातलं.

तिसरी मंडळी म्हणजे स्निग्ध रेणू, फॉस्फोलिपिड. त्यांचं डोकं पाण्याचे रेणू घट्ट धरतं. पण ‘घट्ट’ शब्दाला इथं गंमत आहे. ते पाणी दाबून हाकलता येत नाही, तरी जागच्या जागी पाण्याचे रेणू अदलाबदल करत राहतात, म्हणून थर घन न होता वाहता राहतो. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या जेकब क्लाइन यांच्या गटानं यावर अनेक वर्षं काम केलं. २०१५ साली त्यांनी दाखवलं की पृष्ठभागाला बांधलेल्या हायल्युरॉनिक अ‍ॅसिडवर हे फॉस्फोलिपिड बसले की शंभर वातावरणांइतक्या दाबाखालीही घर्षण निरोगी सांध्याइतकं खाली येतं. घर्षणाचा गुणांक ०.००१ च्या घरात. बर्फावर बर्फ यापेक्षा जास्त अडतो.

आता मला ज्या गोष्टीसाठी एवढं लिहायचं होतं तिच्यावर येतो. आपण सगळे, डॉक्टरसुद्धा, धरून चालतो की घर्षण कमी झालं की झीज कमी होते. वंगण म्हणजे गुळगुळीत, गुळगुळीत म्हणजे सुरक्षित. तसं नाही. बुळबुळीतपणा आणि टिकाऊपणा ही दोन वेगळी कामं आहेत.

याचा सगळ्यात महागडा धडा माझ्याच व्यवसायाला मिळाला. इंग्लंडमधले जॉन चार्नली हे खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे जनक. त्यांच्याकडे अ‍ॅक्रिलिकचा खुबा बसवलेला एक रुग्ण आला होता. तो खुबा इतका करकरायचा की बायकोला ते सहन होईना. चार्नलींनी विचार केला की मूळ दुखणं घर्षणाचं आहे. मग त्यांनी त्या वेळी माहीत असलेलं सगळ्यात निसरडं प्लास्टिक निवडलं, टेफ्लॉन, आपल्या तव्यावर असतं ते. १९५८ पासून पुढे सुमारे ३०० रुग्णांना खुब्याच्या खोबणीत त्याच्या वाट्या बसवल्या. घर्षण खरोखरच कमी होतं आणि सुरुवातीला रुग्ण खूश होते. दोन-तीन वर्षांत त्या वाट्या झिजून गेल्या, आणि त्यांच्या भुकटीनं आजूबाजूच्या ऊतींत सूज, गाठी, नाश. ही भुकटी शरीरात काय करते हे बघायला त्या माणसानं ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली होती. १९६२ च्या अखेरीस त्यांनी उच्च घनतेचं पॉलिथिलीन वापरायला सुरुवात केली. टेफ्लॉनपेक्षा ते कमी निसरडं, पण झिजतं कितीतरी हळू. आजही बहुतेक कृत्रिम सांध्यांत त्याच पॉलिथिलीनची सुधारलेली रूपं असतात.

सर्जनला हे १९६२ मध्ये कळलं. रेणूंच्या पातळीवर याचं कारण दिसायला आणखी पन्नास वर्षं लागली.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठात जेकब इस्राएलाश्विली नावाचे शास्त्रज्ञ होते. २०१८ मध्ये ते वारले. अभ्रकाचे दोन पापुद्रे एकमेकांजवळ आणून त्यांच्यामधलं अंतर नॅनोमीटरपर्यंत मोजायचं आणि त्याच वेळी दाब व घर्षणही मोजायचं, या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अभ्रक का, तर तो सोलला की अणूच्या पातळीवर सपाट निघतो. त्यावर एक ओरखडा जरी पडला तरी लगेच कळतं.

त्यांच्या गटानं २०१३ च्या सुमारास हायल्युरॉनिक अ‍ॅसिड दोन तऱ्हांनी अभ्रकावर बसवलं. एकदा नुसतं चिकटू दिलं, म्हणजे विरुद्ध भारांच्या ओढीनं येऊन बसलेलं. दुसऱ्यांदा रासायनिक बंधानं पक्कं जोडलं. आंब्याच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात मानकुरादची फांदी खुंटाला नुसती टेकवून ठेवली, दुसऱ्यात कलम केलं. मग दोन्हींत ल्युब्रिसिन घातलं आणि भार वाढवत घासत गेले.

नुसतं टेकवलेलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड एक मिलीन्यूटनच्याही आत हरलं. एक मिलीन्यूटन म्हणजे तांदळाच्या चार-पाच दाण्यांचं वजन, फक्त ते सुईच्या टोकाहून लहान जागेवर पडतंय असं समजा. एवढ्यात पृष्ठभाग खरवडला गेला. त्यात ल्युब्रिसिन कितीही ओता, उपयोग शून्य. आजूबाजूच्या द्रवात मोकळे पोहणारे रेणू पृष्ठभाग वाचवायला जवळजवळ काहीच करत नाहीत.

कलम केलेलं मात्र टिकलं. आणि त्यात ल्युब्रिसिन घातलं की जास्त टिकलं. ल्युब्रिसिन जितकं वाढवलं तितका झीज सुरू होण्याआधी झेपणारा भार वाढत गेला. ल्युब्रिसिन त्या रुजलेल्या जाळ्यात शिरून अडकतं, आणि दोघांचा मिळून लवचीक, चिवट जेलसारखा थर होतो. भार आला की त्यातलं पाणी सावकाश निघतं, जाळं दाट होतं, तरी खालचे घन पृष्ठभाग एकमेकांना भिडत नाहीत.

या प्रयोगांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं वाक्य असं, की घर्षण जास्त असूनही पृष्ठभाग शाबूत राहू शकतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रावलो होतो. मग उलगडलं. त्या थरातल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, ओढल्या जातात, सुटतात, आणि घासण्याची ताकद त्या आपल्या अंगावर जिरवतात. बाहेरून मोजलं तर घर्षण जास्त भरतं. पण ती ताकद कूर्चेपर्यंत पोचतच नाही. भिंतीवर धक्का बसू नये म्हणून जेटीला टायर बांधतात ना, तसं. बार्ज टायरला घासत, करकरत लागते, धक्का टायर खातो, जेटीचे चिरे शाबूत. मामांनी असे टायर किती बांधले असतील कोण जाणे. आणि टायर दोरीनं बांधलेले असतात हे महत्त्वाचं. नदीत सोडून दिलेला टायर जेटीला काय वाचवणार?

याच गटानं आणखी एक दाखवलं, की खरी झीज होते ती अडकत-सुटत घसरण्यानं. सलग घसरणं एक वेळ चालतं. पण थांबला, चिकटला, जोर साठला, झटक्यात सुटला, पुन्हा चिकटला, असं झालं की पृष्ठभाग फाटतो. गंजकी बिजागरी करकरते ती याच कारणानं. यावरून तुमच्या आईंच्या गुडघ्याच्या आवाजाचा निष्कर्ष मात्र काढू नका. निरोगी गुडघेही वाजतात, त्यातले पुष्कळ आवाज गुडघ्याच्या वाटीच्या मागचे किंवा स्नायूबंधांचे असतात. आवाजासोबत दुखणं आणि सूज असेल तर तो बघायचा, नुसत्या आवाजाला घाबरायचं नाही.

ल्युब्रिसिनचं महत्त्व कळायला एक दुर्मीळ आजारही कारणी लागला. ते तयार करणाऱ्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या मुलांची बोटं लहानपणीच वाकडी होतात आणि सांधे कोवळ्या वयात बिघडतात. त्या दोषाचा शोध १९९९ मध्ये लागला. या मुलांच्या सांध्यात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असतं, तरी कूर्चा वाचत नाही. त्याच्याही आधी, १९७० च्या सुमारास, सांध्याच्या द्रवातलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड विकरानं (एन्झाइमनं) तोडून बघितलं गेलं. द्रव पाण्यासारखा पातळ झाला, पण कूर्चेवरचं त्याचं वंगणाचं काम तसंच राहिलं. प्रथिनं तोडली तेव्हा मात्र काम बंद पडलं. त्यावरून बराच काळ हायल्युरॉनिक अ‍ॅसिडला नुसता दाटपणा आणणारा म्हणून बाजूला बसवलं होतं. त्याची किंमत ते रुजलेलं असताना आहे, हे नंतर कळलं.

आता जेलचं इंजेक्शन. त्यात असतं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, अजूनही काही तसं येतं, बरंचसं जिवाणूंकडून करून घेतात. (सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. एका आजीनं तिसऱ्या डोसनंतर मला हे विचारलं आणि पुढे वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही.) आपण ते सांध्याच्या पोकळीत सोडतो. ते द्रवात मिसळतं आणि साधं असेल तर एक-दोन दिवसांत बहुतांश निघून जातं, साखळ्या एकमेकींना जोडून केलेलं असेल तर आणखी काही दिवस राहतं. म्हणजे आपण कलम करत नाही, फांदी टेकवतो. वरचा अभ्रकाचा प्रयोग आठवला की मला यातून झीज थांबण्याची आशा वाटत नाही, आणि रुग्णांवरच्या अभ्यासांतही ती दिसत नाही. दुखणं थोडं कमी होतं, पण नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी ते बऱ्यापैकी कमी होतं. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात दोन्हींतला फरक इतका लहान निघाला की रुग्णाला तो जाणवेल असं म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ पासून गुडघ्यासाठी ‘शक्यतो नको’ आणि खुब्यासाठी ठाम ‘नको’ म्हटलंय.

मी अजिबात देत नाही असं नाही. मधुमेहामुळे स्टेरॉइड टाळायचंय, हृदयामुळे वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, शस्त्रक्रियेला अजून वेळ आहे, अशा एखाद्याला, अपेक्षा आधी स्पष्ट सांगून देतो. पहिल्या दहा वर्षांत मात्र मी ती सढळ हातानं दिली. ‘ग्रीस भरतो’ म्हणून दिली. आज तो शब्द आठवला की ओशाळल्यासारखं होतं. तुमच्या आईंच्या बाबतीत मी घाई करणार नाही. भेंडीचं पाणी, हाडांचं सूप, कोलाजेनची पावडर यांचंही तेच: पोटात गेलं की पचतं, गुडघ्यावर जाऊन रुजत नाही.

खरं कलम करायची कल्पना कुणी अमलात आणली असेल तर जपान्यांनी, आणि तीही कृत्रिम सांध्यात. तोक्यो विद्यापीठात काझुहिको इशिहारा आणि सहकाऱ्यांनी पेशीच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिडाच्या डोक्याची नक्कल करणारं एक बहुवारिक (पॉलिमर) तयार केलं. ते पॉलिथिलीनच्या वाटीवर अतिनील प्रकाशाच्या मदतीनं अक्षरशः उगवलं जातं. थर शंभर-दोनशे नॅनोमीटरचा, पण मुळं पक्की. पाण्यात तो फुलतो, शेवाळासारखा. यंत्रावर लाखो पावलं चालवून बघितलं तर झीज फारच कमी. २०११ पासून तिथं असे खुबे रुग्णांना बसवले जातात. गुडघ्याच्या खऱ्या, जिवंत कूर्चेवर असं काही रुजवता येईल का यावर प्रयोग चाललेत. ल्युब्रिसिनसारखे ब्रश कारखान्यात बनवणं, हायल्युरॉनिक अ‍ॅसिडला कूर्चेला धरणारा हात जोडून देणं वगैरे. कुणी आज फोंड्यात ‘नॅनो ग्रीस’ म्हणून ते विकायला आला तर दार लावून घ्या.

मग आहे ते टिकवायचं कसं? इथं शरीर बरंच आपल्या बाजूनं आहे. रुजलेला थर सतत तुटतो आणि सतत नवा भरला जातो. ल्युब्रिसिन कूर्चेच्या वरच्या थरातल्या पेशी आणि सांध्याचं अस्तर तयार करतं, आणि प्रयोगशाळेत दिसतं की त्या पेशींना घासण्याची हालचाल मिळाली की त्या ते जास्त करतात. म्हणून ‘झिजतील म्हणून चालणं बंद केलं’ हे उलटं. सपाटीवर रोज चालणं हे त्या थराचं खतपाणी. मिरामारला चालायचं तर पदपथावरून चाला. वाळूचा उतार एका गुडघ्याला छळतो.

चालणं आणि उभं राहणं यात फरक आहे. कूर्चेवर भार पडला की सुरुवातीला नव्वद टक्क्यांहून जास्त भार तिच्या आतलं पाणीच पेलतं. पण माणूस अर्धा तास एकाच जागी उभा राहिला की ते पाणी झिरपून जातं आणि सगळा बोजा त्या पातळ थरावर येतो. जत्रेच्या रांगेत किंवा ओट्यापाशी उभं राहून गुडघे जास्त दुखतात आणि तेवढाच वेळ चालून कमी, हे पुष्कळ बायका सांगतात, त्यात तथ्य आहे. जागच्या जागी पाय बदलत राहावं, दोन पावलं फिरून यावं. सांधा हलला की पाणी परत आत ओढलं जातं.

थराचा खरा शत्रू सूज. सुजलेल्या सांध्यात पांढऱ्या पेशी जी विकरं सोडतात ती ल्युब्रिसिन कातरतात. म्हणून गुडघा गरम आणि फुगलेला असताना ‘व्यायाम केलाच पाहिजे’ म्हणून पायऱ्या चढू नका. आधी सूज उतरवा. बर्फ, विश्रांती, डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि सूज वारंवार येत असेल तर ती का येते याची तपासणी. इथल्या फुटबॉलवाल्या पोरांना हेच सांगून माझा घसा बसलाय. शेतात पावसात खेळताना गुडघ्यातला एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा आतला बंध) तुटतो, दोन आठवड्यांनी सूज उतरते, आणि पोरगं पुन्हा मैदानात. त्या दुखापतीनंतर सांध्यातलं ल्युब्रिसिन काही महिने खाली गेलेलं असतं. दहा-वीस वर्षांनी अशा गुडघ्यांपैकी निम्म्याच्या आसपास गुडघ्यांत झीज दिसते.

वजनाचा हिशोब मात्र सरळ आहे. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले तर किती, हे आईंना मांडून दाखवा. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, आणि तो तीन महिने सोडू नका. आदोळी ओट्यावर बसवायची सोय होते, सुतार करून देईल. गुडघा पूर्ण मुडपून जमिनीवर बसताना वाटीच्या मागे भयंकर दाब येतो, आणि उठताना तर त्या दाबाखालीच सांधा घसरायला सुरुवात करतो. चिकटणं-सुटणं होण्याची हीच वेळ.

रात्री दुखण्यानं झोपमोड होत असेल, पाय वाकडा होत चालला असेल किंवा गुडघा मधेच अडकत असेल तर पुन्हा दाखवा, उभं राहून काढलेला एक्स-रे सोबत न्या. तोवर देवदर्शन बंद करायची गरज नाही. पायऱ्या चढताना कमी दुखणारा पाय आधी टाकायचा, उतरताना जास्त दुखणारा आधी, एका पायरीवर दोन्ही पाय आले की मग पुढची. आणि हात कठड्यावर, मामांच्या खांद्यावर नको. त्यांच्या गुडघ्यांचं वयही विचारात घ्या.